वानवळ्यातली गाणी

विरार ते चर्चगेट हे अंतर साठ किलोमीटरचं. जलद लोकल मिळाली तरी जवळपास दीड तास जातो. तेवढ्यात लाँगप्ले तबकडीच्या चार बाजू वाजून होतात. साठ मिनिटांची कॅसेट एकदा पुरी होऊन पुन्हा अर्ध्यावर येते. संगीत कंपनीने यूट्यूबवर टाकलेला तासाभराचा ‘ज्यूकबॉक्स’ संपतो आणि दुसरा आपोआप सुरू होतो. गाडीत बसायला मिळो न मिळो, कानात गाणं असतं आणि बहुतेकांच्या कानातल्या गाण्याला एक पैसाही पडलेला नसतो.

या फुकट गाण्यांमधला एक ठरावीक प्रकार या लेखाचा विषय आहे. कंपनी आपल्या साठ्यातली दहा-वीस गाणी स्वतः निवडते, एकत्र बांधते आणि फुकट किंवा नाममात्र किमतीत लोकांपुढे ठेवते. पाश्चात्त्य बाजारात अशा संचाला ‘सॅम्पलर’ म्हणतात. शेतातली चार वांगी, दोन काकड्या शेजाऱ्याला वानवळा म्हणून द्याव्यात, तसाच हा गाण्यांचा वानवळा. फरक इतकाच की हा देणाऱ्याला पुढचं गिऱ्हाईक हवं असतं. ऐकणाऱ्यांना असे संच आवडतात का, त्यातून पुढे काही विकत घेतलं जातं का, आणि नाराजी असते ती नेमकी कशावर, हे तीन प्रश्न इथे तपासायचे आहेत. इतिहास आणि आजचे अनुभव शेजारी ठेवून पाहिलं तर किमतीचा मुद्दा मागे पडतो. निवड कुणी केली आणि गाणं ज्यांचं आहे त्यांची नावं सांगितली का, या दोन गोष्टींवर ऐकणारा संचाची पारख करतो.

नाव सांगून गाण्याचा काळ

भारतातल्या ध्वनिमुद्रणाची सुरुवातच नाव सांगण्यापासून झाली. नोव्हेंबर १९०२मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपताना त्या स्वतःच्या तोंडाने आपलं नाव सांगत. मूळ मुद्रण तबकड्या काढण्यासाठी जर्मनीतल्या हानोफर इथे जाई. तिथल्या कारागिराला गाणारी कोण हे कळावं आणि लेबल बरोबर चिकटवलं जावं म्हणून ही सोय होती. पुढे घरोघरच्या श्रोत्यांना या घोषणेचीच गंमत वाटू लागली.

रेडिओने हे वळण पुढे नेलं. रेडिओचं लायसन्स काढावं लागे, पण गाण्यागणिक पैसे मोजावे लागत नसत, म्हणून बहुतेकांच्या लेखी ते फुकटच होतं. मराठी घरांत आकाशवाणीच्या ‘आपली आवड’ आणि ‘भावसरगम’सारख्या कार्यक्रमांनी ऐकण्याची एक शिस्त लावली. गाण्याआधी किंवा नंतर निवेदक तीन नावं सांगणार: कवी, संगीतकार, गायक. त्यामुळे कधी तबकडी विकत न घेतलेल्या माणसालाही शांता शेळके आणि पी. सावळाराम यांच्या रचना वेगळ्या ओळखता येत. श्रीनिवास खळ्यांची चाल आणि वसंत प्रभूंची चाल यांतला फरक त्याला सांगता येई. फुकट ऐकूनही श्रोता जाणकार होऊ शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण आपल्याकडे नाही.

नाव सांगणं किती मोलाचं आहे हे १९५२च्या सुमारास एका वादाने दाखवून दिलं. बा. वि. केसकर तेव्हा माहिती व नभोवाणी मंत्री होते. आकाशवाणीवर चित्रपटगीतांचं प्रमाण त्यांनी कमी केलं. शिवाय चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे जाहिरात, असं ठरवून ते सांगणंही बंद झालं. निर्मात्यांनी त्यावर गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. गाणं फुकट वाजत होतं ते नावाच्या बदल्यात. नाव गेलं तसं गाणंही गेलं. श्रोत्यांनी वाट पाहिली नाही, त्यांनी काटा सरळ रेडिओ सिलोनवर नेला. १९५२च्या अखेरीस तिथे सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’ने निवेदक अमीन सयानी यांना देशभर पोचवलं. आकाशवाणीला १९५७मध्ये विविध भारती सुरू करावी लागली, आणि १९६७मध्ये मुंबई, पुणे, नागपूर इथून विविध भारतीवर जाहिराती येऊ लागल्या. नव्या चित्रपटांची गाणी प्रायोजित कार्यक्रमांतून ऐकवायला निर्माते मग स्वतःच्या खिशातून पैसे देऊ लागले. वानवळ्याचा खर्च देणाऱ्याने सोसायचा, हा व्यवहार तेव्हा उघडपणे मान्य झाला.

याच काळातलं ‘गीतरामायण’ हे मोठं उदाहरण. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीतं, सुधीर फडक्यांचं संगीत आणि आठवड्याला एक नवं गीत, असं ते वर्षाहून थोडं अधिक चाललं. इथे तर नमुना म्हणून दोन-चार गाणी दिलेली नव्हती, सगळंच फुकट होतं. तरीही पुढे गीतांचं पुस्तक निघालं आणि विकलं गेलं. ध्वनिमुद्रिकांचे संच निघाले, फडक्यांचे कार्यक्रम तिकीट लावून भरले. आधी फुकट ऐकलं म्हणून माणसं पैसे देत नाहीत, या समजुतीला याच एका अनुभवाने छेद दिला. अर्थात ती गीतं कुणी लिहिली, चाल कुणाची, हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

विलायतेतले नमुने

कंपन्यांनी ठरवून काढलेल्या संचांची गाजलेली उदाहरणं साठच्या दशकाच्या शेवटी दिसतात. १९६८मध्ये सीबीएस कंपनीने ब्रिटनमध्ये ‘द रॉक मशीन टर्न्स यू ऑन’ ही तबकडी १४ शिलिंग ११ पेन्सला विकायला ठेवली. नेहमीच्या लाँगप्लेपेक्षा ती बरीच स्वस्त होती. बॉब डिलन आणि लेनर्ड कोहेन यांच्या शेजारी कमी ऐकलेली नावं बसवलेली होती. ओळखीच्या नावाला भुलून तबकडी घ्यावी आणि अनोळखी गाणं आवडून बसावं, हा त्यातला डाव होता. १९६९पासून अमेरिकेत वॉर्नर-रिप्राइझ कंपनीने दोन तबकड्यांचे संच टपालाने दोन डॉलरला द्यायला सुरुवात केली. त्यांना ‘लॉस लीडर्स’ म्हणजे तोट्यात विकायचा माल असंच उघड नाव होतं. सोबत प्रत्येक कलावंताबद्दल चुरचुरीत मजकूर असे, आणि गाण्यांइतकाच तोही लोकांच्या लक्षात राहिला.

१९८६मध्ये ‘एनएमई’ या ब्रिटिश साप्ताहिकाने ‘सी-८६’ ही २२ गाण्यांची कॅसेट वाचकांसाठी काढली. त्या कॅसेटच्या नावावरून ब्रिटिश गिटार-संगीताची एक अख्खी तऱ्हा ओळखली जाऊ लागली. निवड करणाऱ्याला काही म्हणायचं असेल तर संच स्वतःच्या पायावर उभा राहतो, हे त्यातून दिसलं. आपल्याकडे याच्या जवळ जाणारा प्रयोग अलाहाबादच्या ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ने केला. अमित सैगल यांनी १९९३मध्ये सुरू केलेल्या या मासिकाने भारतीय रॉक गटांच्या गाण्यांचे ‘ग्रेट इंडियन रॉक’ हे संच काढले. मोठ्या कंपन्या ज्यांना दारात उभं करत नव्हत्या, असे गट त्या संचांमुळे दूरच्या गावांतल्या मुलांपर्यंत गेले.

फुकटाची दुसरी बाजू २०१४च्या सप्टेंबरमध्ये जगाने पाहिली. ॲपलने यू-टू या गटाचा नवा अल्बम सुमारे ५० कोटी ग्राहकांच्या खात्यांत न विचारता टाकून दिला. लोक खूश होतील असा अंदाज होता, पण तक्रारींचा पाऊस पडला आणि आठवड्याभरात तो अल्बम काढून टाकण्याची सोय कंपनीला द्यावी लागली. गाणी वाईट आहेत की चांगली यावर वाद नव्हता. आपल्या कपाटात काय ठेवायचं हे दुसऱ्याने परस्पर ठरवलं, याचा राग होता.

भरून घेतलेली कॅसेट

आपल्याकडे वानवळ्याचा खरा विस्तार कॅसेटने केला. ऐंशीच्या दशकापर्यंत ग्रामोफोन कंपनीचं, म्हणजे ‘एचएमव्ही’चं राज्य होतं. कॅसेट स्वस्त झाली आणि गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजने, मागोमाग व्हीनस आणि टिप्सने ते मोडलं. कॅसेट पानाच्या गादीवर आणि किराणा दुकानातही मिळू लागली. अमेरिकन अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात या बदलाची तपशीलवार नोंद केली आहे. स्वस्त कॅसेटमुळे प्रादेशिक भाषा आणि बोलींतलं संगीत प्रथमच मोठ्या प्रमाणावर बाजारात आलं, हे त्यांचं निरीक्षण महाराष्ट्राला नेमकं लागू पडतं. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं आणि भीमगीतं, आनंद-मिलिंद शिंदे यांची लोकगीतं, वेसाव्याची कोळीगीतं हे सगळं कॅसेटनेच गावोगाव नेलं.

त्या दिवसांत नमुना ऐकवण्याचं काम जत्रेतला स्टॉल करत असे. विरारला जीवदानीच्या पायथ्याशी, पंढरपूरच्या वाटेवर, ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरात, जिथे गर्दी तिथे कॅसेटवाला आणि त्याचा भोंगा. तो दिवसभर गाणी वाजवी. माणसं थांबत, कान देत आणि “हे आत्ता लागलंय ते द्या” म्हणत. तिथे विक्रेताच निवड करणारा होता. कुठल्या वेळी, कुठल्या गर्दीपुढे काय लावायचं हे त्याला कंपनीपेक्षा चांगलं कळे.

दुसरी सोय होती ‘कॅसेट भरून’ घेण्याची. कोऱ्या कॅसेटसोबत गाण्यांची यादी दुकानदाराला द्यायची आणि दोन दिवसांनी आपल्या आवडीची कॅसेट घेऊन यायची. कायद्याच्या नजरेत ती चोरीच होती. तिच्या लोकप्रियतेने कंपन्यांना एक गोष्ट मात्र सांगितली: लोकांना गाणी सुटी हवी आहेत आणि क्रम स्वतः लावायचा आहे. पुढे मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा धंदा सुरू झाला, तो याच हौसेवर. विरार-नालासोपाऱ्याच्या स्टेशनबाहेरच्या गल्ल्यांत असे फलक वर्षानुवर्षं लटकत होते. त्या कार्डांत गाणी शेकड्याने असत, पण गाण्याखाली कुणाचं नाव मिळालं तर नशीब. फाइलचं नाव बऱ्याचदा एखादा आकडा किंवा ज्या संकेतस्थळावरून गाणं उचललं त्याचा पत्ता एवढंच असे.

फसवणुकीचाही एक इतिहास आहे. त्या काळचा कायदा काही अटींवर जुन्या गाण्याची नवी आवृत्ती काढू देत होता. त्यामुळे जुन्या लोकप्रिय गाण्यांच्या संचात मूळ गायकाऐवजी दुसराच आवाज असणं नेहमीचं झालं. यातून सोनू निगमसारख्या गायकांना सुरुवातीची ओळख मिळाली हे खरं. पण कॅसेटच्या कागदावर मूळ गायकाचं नाव ठळक आणि प्रत्यक्ष गाणाऱ्याचं बारीक असेल, तर घरी जाऊन कॅसेट लावणाऱ्याचा विरस व्हायचा. २०१२च्या दुरुस्तीनंतर अशी आवृत्ती काढायला मूळ मुद्रणानंतर पाच वर्षं थांबावं लागतं.

आजचे तीन वानवळे

आज कंपनीने निवडलेली गाणी श्रोत्याकडे तीन वाटांनी येतात. पहिली वाट यूट्यूबवरच्या ज्यूकबॉक्सची. सारेगामा, पुण्याची फाउंटन म्युझिक, सागरिका, एव्हरेस्ट अशा कंपन्या आपल्या साठ्यातली भावगीतं, अभंग, लावण्या, गणपतीची गाणी तास-दीड तासाच्या माळेत ओवून टाकतात. पैसे जाहिरातींतून येतात. गणपतीच्या दहा दिवसांत आरत्यांचा ज्यूकबॉक्स कितीतरी घरांत दिवसातून दोनदा लागतो.

दुसरी वाट ‘कारवाँ’ची. सारेगामाने २०१७मध्ये ५,००० जुनी गाणी आत भरलेला हा रेडिओसारखा दिसणारा संच बाजारात आणला आणि त्याची मराठी आवृत्तीही काढली. यंत्राला किंमत पडते, पण एकदा घेतल्यावर गाण्यागणिक काही नाही, इंटरनेट नको आणि खाली-वर बोट सरकवणंही नको. ज्या काळात सगळं फुकट मिळत होतं त्याच काळात लोकांनी कंपनीच्या निवडीसाठी हजारो रुपये मोजले.

तिसरी वाट ॲपची. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि गाण्याचं ॲप प्रत्येक फोनात गेलं. त्यातला फुकटपणा मात्र टिकाऊ निघाला नाही. ‘गाना’ने २०२२मध्ये फुकट सेवा बंद करून वर्गणी लावली. ‘रेसो’ने जानेवारी २०२४मध्ये भारतातून गाशा गुंडाळला. एअरटेलचं ‘विंक’ही त्याच वर्षी बंद झालं. ॲपसोबत श्रोत्यांनी तिथे वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्याही मागे पडल्या. ऑक्टोबर २०२३मध्ये स्पॉटिफायने भारतातल्या फुकट ग्राहकांवर नवी बंधनं घातली: गाणी हव्या त्या क्रमाने लावता येणार नाहीत, मागे-पुढे सरकता येणार नाही, तेच गाणं पुन्हा लावता येणार नाही. हा बदल बारकाईने पाहण्यासारखा आहे. गाणं ऐकायला तेव्हाही पैसे पडत नव्हते, कंपनीने पैसे मागितले ते गाणं निवडण्याच्या हक्काचे.

ऐकणारे काय म्हणतात

श्रोत्यांची मतं ढोबळमानाने चार तऱ्हांची दिसतात.

पहिली तऱ्हा निवांत श्रोत्यांची. यात घरातली वडीलधारी मंडळी जास्त. त्यांना निवडीचा त्रास नको असतो. बटण दाबावं आणि माणिक वर्मा, सुधीर फडके, सुमन कल्याणपूर एकामागून एक यावेत, एवढंच मागणं. कंपनीने निवडलेला संच त्यांना सोयीचा वाटतो, कारण त्यातली जवळजवळ सगळी गाणी पूर्वी ऐकलेली असतात. नवीन काही कळावं ही त्यांची अपेक्षाच नाही. एक तक्रार मात्र हमखास असते: अभंग रंगात आला की मध्येच रंगाची नाहीतर बांधकामाच्या सिमेंटची जाहिरात येते.

दुसरी तऱ्हा जाणकारांची. यांच्या घरी आजही तबकड्या किंवा पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने काढलेल्या शास्त्रीय मैफलींच्या कॅसेट सापडतील. कंपन्या आपल्या साठ्याचा वरचा थरच पुन्हापुन्हा खरवडतात, हा त्यांचा मुख्य आक्षेप. ‘सदाबहार’, ‘सुवर्ण’, ‘निवडक’ अशी पाच वेगळी नावं दिलेल्या संचांत निम्मी गाणी तीच निघतात. संच काढायचाच तर गोदामात पडलेलं, पुन्हा न निघालेलं काहीतरी त्यात घाला, असं त्यांचं म्हणणं. मुद्रण कुठल्या वर्षीचं, सारंगीवर कोण, तबल्यावर कोण, ही माहिती नसेल तर त्यांना तो संच अर्धवट वाटतो.

तिसरी तऱ्हा पायरी म्हणून संच वापरणाऱ्यांची. यात विशी-तिशीतली मुलं-मुली जास्त. हळदीला वाजणाऱ्या आगरी-कोळी गाण्यांच्या मिश्रणातलं एखादं आवडलं की ते शोधून काढायचं, गाणाऱ्याचं चॅनेल धुंडाळायचं, पुढे त्याला लग्नात बोलवायचं. नमुन्यावरून गिऱ्हाईक तयार होतं ते प्रामुख्याने इथे. पैसे मात्र गाण्याला जात नाहीत, कार्यक्रमाच्या बिदागीत जातात. यांची अडचण एकच असते: नाव सापडलं नाही तर पुढचा रस्ताच बंद.

चौथी तऱ्हा नाइलाजाने ऐकणाऱ्यांची, आणि विरारकरांना तिच्याबद्दल काही सांगायला नको. लोकलमध्ये शेजारच्याच्या फोनचा स्पीकर, सोसायटीतल्या पूजेचा भोंगा, रिक्षातला साउंड, सगळं फुकट. इथलं ऐकणं निवडीतून येत नाही, म्हणून चांगलं गाणंही नकोसं होतं. डब्यातल्या भजनी मंडळाबद्दल मतं दुभंगतात तीही याच रेषेवर. ठरवून त्या डब्यात चढणाऱ्याला टाळ-मृदंगाने दिवसाची सुरुवात बरी वाटते. रात्रपाळी करून परतणाऱ्याला तोच अभंग शिक्षा वाटते.

चारही तऱ्हांत किमतीवर कुणी बोलत नाही. बोलणं येतं ते मुख्यतः निवडीवर आणि माहितीवर.

नमुन्यातून विक्री होते का

कंपन्यांना यात रस असतो तो विक्रीपुरता. फुकट या गोष्टीचं माणसाच्या मनावर वेगळंच वजन असतं, हे शाम्पानिए, मझार आणि एरिअली या संशोधकांच्या २००७च्या प्रयोगातून दिसलं. उंची चॉकलेट १५ सेंटला आणि साधं १ सेंटला ठेवलं तेव्हा घेणाऱ्यांपैकी ७३ टक्के लोकांनी उंची घेतलं. दोन्हींची किंमत फक्त एक सेंटने उतरवल्यावर साधं चॉकलेट फुकट झालं आणि ६९ टक्के लोक तिकडे वळले. फुकटाकडे माणूस ओढला जातो हे नक्की. पण ओढला गेलेला माणूस थांबतो का, हा पुढचा प्रश्न आहे.

संच किती मोठा असावा याबद्दल अय्यंगार आणि लेपर या संशोधकांचा २०००मधला जॅमचा प्रयोग नेहमी सांगितला जातो. चाखायला २४ प्रकार मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी ३ टक्के लोकांनी विकत घेतलं, ६ प्रकार मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी. मात्र २०१०मध्ये अशा ५० प्रयोगांचा एकत्रित अभ्यास झाला तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. म्हणजे कमी मांडलं की जास्त खपतं, असा सरधोपट नियम काढता येत नाही. काय मांडलं आणि कुणापुढे मांडलं, यावर बरंच अवलंबून असतं.

संगीताच्या इतिहासातली उदाहरणं त्याच दिशेने जातात. सीबीएसच्या तबकडीत डिलनच्या शेजारी अनोळखी गट होते, वॉर्नरच्या संचासोबत वाचायला मजकूर होता, ‘गीतरामायणा’त दर आठवड्याला पुढच्या गीताची उत्सुकता होती. तिन्ही ठिकाणी ऐकणाऱ्याला पुढे जाण्यासाठी धागा दिलेला होता. आजच्या ज्यूकबॉक्समध्ये गाणी भरपूर असतात, धागा मात्र क्वचित दिसतो.

नावांचा हिशेब

धागा म्हणजे नाव. याबाबत कायदा काय म्हणतो ते पाहण्यासारखं आहे. प्रताधिकार कायदा १९५७चा. त्यात १९८४मध्ये घातलेल्या ५२-अ कलमानुसार ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर तीन गोष्टी छापाव्या लागतात: मुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, प्रताधिकार ज्याच्याकडे आहे त्याचं नाव-पत्ता आणि प्रथम प्रसिद्धीचं वर्ष. या यादीत कवीही नाही आणि संगीतकारही नाही. लेखकाला आपलं लेखकत्व सांगण्याचा हक्क ५७वं कलम देतं, आणि २०१२च्या दुरुस्तीने कलावंतालाही आपली ओळख मागण्याचा हक्क दिला. पण मागेल त्याला मिळेल असा हा हक्क आहे. कंपनीचं नाव छापणं सक्तीचं, कवीचं नाव त्याने भांडून मिळवायचं.

याचा परिणाम आपल्याच किनाऱ्यावर दिसतो. ‘मी डोलकर’ हे गाणं अर्नाळ्यापासून वर्सोव्यापर्यंत प्रत्येक कोळीवाड्यात वाजतं. ते पूर्वापार चालत आलेलं कोळीगीत आहे असं समजणारे आजही भेटतात. ते शांता शेळके यांनी लिहिलं, हृदयनाथ मंगेशकर यांनी चाल दिली आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांनी गायलं. एवढ्या गाजलेल्या गाण्याची ही गत असेल तर गावच्या गायिकेचं काय होणार? आगरी आणि कोळी लग्नांत धवलारीण धवले, म्हणजे लग्नातली गाणी, गाते. तिच्या गाण्यांवर ठेका चढवून ती कुठल्याशा मिश्रणात जातात, तेव्हा तिचं नाव सर्वांत आधी गळतं.

ध्वनिमुद्रणावरचा प्रताधिकार प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. त्यामुळे साठ वर्षांहून जुनी मुद्रणं त्या हक्कातून एकेक करून मोकळी होत आहेत, शब्द आणि चालीचे हक्क मात्र स्वतंत्र राहतात. यापुढे जुन्या गाण्यांचे संच कंपन्यांखेरीज इतरही काढू लागतील. तेव्हा नावं जपण्याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न आणखी टोकदार होईल.

वसई-विरारचा संच

वसई-विरारच्या पट्ट्याला स्वतःचा एक वानवळा काढता येण्याजोगा आहे आणि तो अजून नीटसा निघालेला नाही. अर्नाळ्याची कोळीगीतं, आगरी धवले, वाडवळ आणि सामवेदी समाजांतल्या बायकांची लग्नातली गाणी, वसईच्या ख्रिस्ती लग्नांतल्या बँडच्या चाली, पालघरच्या डोंगरपट्टीतला वारल्यांचा तारपा. बोलीभाषा वेगवेगळ्या, वाद्यं वेगवेगळी, आणि सगळं विरार स्टेशनपासून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर. आज यातलं जे यूट्यूबवर सापडतं ते एकेकट्या हौशी चॅनेलवर विखुरलेलं आहे. हळदीच्या ठेक्यात बसेल तेवढं गाजतं, बाकीचं मागे राहतं.

असा संच महानगरपालिकेने, एखाद्या महाविद्यालयाने किंवा एखाद्या मराठी कंपनीने काढावा. बारा-पंधरा गाणी पुरेत. प्रत्येक गाण्याच्या आरंभी आकाशवाणीच्या जुन्या वळणाने गाणारीचं, वाजवणाऱ्याचं आणि गावाचं नाव सांगावं. निवड कुणी केली आणि का केली, याचे दोन परिच्छेद सोबत द्यावेत. निदान अर्धी गाणी अशी असावीत की शेजारच्या गावातल्या माणसानेही ती ऐकलेली नसतील. तारप्यावरच्या किंवा धवल्यांच्या अशा संचाने एखाद्या कलावंताला चार बोलावणी जास्त आली, तरी हेतू साधला म्हणायचा.

मोठ्या कंपन्यांकडे मागणंही एवढंच आहे: ज्यूकबॉक्समध्ये प्रत्येक गाण्याची तीन नावं आणि वर्ष लिहा, सगळ्यांना पाठ असलेल्या गाण्यांच्या जोडीला गोदामातलं एखादं तरी गाणं बाहेर काढा आणि अभंगाच्या मधोमध जाहिरात घालू नका. फुकट मिळतंय त्यात आणखी काय मागता, असं कुणी म्हणेल. पण यातलं काहीच खरोखर फुकट नाही. श्रोता जाहिरात पाहतो, त्याने काय ऐकलं आणि काय वगळलं याचा तपशील कंपनीला देतो आणि प्रवासातला दीड तासही तिच्या हवाली करतो. किंमत चुकती करणाऱ्या गिऱ्हाइकाला, आपण ऐकतोय ते गाणं कुणाचं आहे, एवढं विचारण्याचा हक्क आहेच.